छुरंगचे ओलठसे

परीक्षा आपली आहे, हे केतकी आठल्येच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही. परीक्षा यंत्राची आणि आपण परीक्षक, अशा समजुतीत ती मोठ्या ऐटीत पुण्याला आली. हिमाचलातल्या लाहौलमधून येताना वाटेतूनच फोनवर एका वार्ताहराला तिने मुलाखतही देऊन टाकली होती. "माझी छुरंग मी झोपेतसुद्धा ओळखीन," असं ती म्हणाली आणि तेच वाक्य मथळ्यात आलं. तिला ते वाचून बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फारच बरं वाटलं.

छुरंग ही हिमनदी. पंचवीसएक वर्षं केतकी उन्हाळा लागला की तिच्या काठावरच्या ठाण्यात जाऊन राहायची आणि बर्फ पडायला लागला की खाली यायची. ठाणं म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, छतावर सौर पट्ट्या आणि दाराशी वाऱ्याने सतत खडखडणारी एक शिडी. सुरुवातीला तिथे शास्त्रज्ञांची वर्दळ असे. पत्ते चालत, भांडणं होत, डाळीत मीठ कमी पडलं म्हणून रुसवेफुगवे होत. मग उपकरणं शहाणी झाली. ती स्वतःच मोजू लागली आणि मोजलेलं स्वतःच खाली पाठवू लागली. माणसांनी वर यायचं कारण उरलं नाही. निवासी चित्रकार म्हणून नेमलेली केतकी तेवढी उरली. आठवड्यातून एकदा अंगरूप नावाचा जीपवाला खालच्या गावातून शिधा घेऊन यायचा, चहा प्यायचा आणि जायचा. तो गेला की केतकी किटलीशी बोलायची. हिमनदीशी बोलायची म्हटलं असतं तर चित्रकाराला जास्त शोभलं असतं, पण ती किटलीशीच बोलायची.

तिची चित्रं मात्र जगभर गेली होती. ती त्यांना ओलठसे म्हणायची. पद्धत तिची स्वतःची. हातकागदावर हिरड्याची काळी शाई पातळ फासायची, ती अर्धवट सुकली की तिच्यावर हिमनदीतून कापून आणलेली बर्फाची ताटाएवढी वडी ठेवायची आणि सावलीत बसून राहायचं. बर्फ एकसंध दिसतो, पण तसा नसतो. तो असंख्य स्फटिकांचा बनलेला असतो आणि वितळायला सुरुवात करतो ती त्या स्फटिकांच्या सांध्यांत. सांध्यांमधून पाणी झिरपतं आणि कागदावरची शाई रेषारेषांनी सरकवतं. वडीत शेकडो वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे कोंडलेले असतात. ते फुटले की तिथे एकेक पांढरा ठिपका उमटतो. बर्फ संपतो तेव्हा कागदावर त्याचं सगळं अंतरंग उतरलेलं असतं. शेवटी केतकी बोरू घेऊन बसायची. ठशात कुठे रेष तुटली असेल तर जोडायची, कुठे डाग पसरला असेल तर त्यात बारीक जाळी भरायची. या कामाला ती सांधणं म्हणायची आणि कुणी विचारलंच तर सांगायची, "पोळीला शेवटी तूप लावतो ना, तेवढंच ते."

आता ते यंत्र. त्याचं नाव हिममाग, आणि ते घडवणाऱ्यांत मुख्य होती केतकीचीच मुलगी, अन्विता.

ध्रुवाजवळच्या समुद्रात काही मासे असतात. पाणी गोठायच्या बेताला आलं तरी त्यांचं रक्त गोठत नाही. रक्तातली काही प्रथिनं बर्फाच्या इवल्याशा स्फटिकाला जाऊन चिकटतात आणि त्या अंगाने त्याची वाढ रोखतात. अन्विताने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तशी प्रथिनं प्रयोगशाळेत घडवली, स्फटिकाच्या हव्या त्या अंगाला चिकटणारी आणि प्रकाशाचा झोत टाकला की सुटणारी. म्हणजे स्फटिकाने कुठल्या दिशेने वाढायचं आणि कुठे थांबायचं, हे आता माणूस ठरवू लागला. खऱ्या बर्फाच्या तुकड्यात कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडायच्या, एकेका स्फटिकाचा रोख टिपून घ्यायचा आणि मागावर कापड विणावं तसा तोच बर्फ कणाकणाने पुन्हा विणायचा, बुडबुड्यांसकट. तुकडा मुठीएवढा असला तरी त्याच्या नमुन्यावर हवा तेवढा मोठा बर्फ निघे. पाषाणच्या टेकडीपाशी अन्विताच्या संस्थेने प्रचंड शीतगृह बांधून त्यात छुरंगचं अख्खं तोंड, तिच्या टोकाचा बर्फकडा, विणून उभं केलं होतं. लोक भाड्याचे कोट चढवून रांगेने आत जात, निळ्या भिंतीला टेकून फोटो काढत आणि बाहेर येऊन गरम भजी खात.

इकडे खरी छुरंग वर्षागणिक मागे सरकत होती आणि तिच्या काठावरचं ठाणं चालवायला पैसे लागत होते. ठाण्याचा खर्च बघणाऱ्या समितीने एक तोड काढली. छुरंगला सगळ्यांत जास्त ओळखणाऱ्या माणसालाही विणलेला बर्फ आणि खरा बर्फ यांतला फरक सांगता आला नाही, तर ठाणं बंद. सांगता आला, तर ठाणं राहील आणि केतकीही राहील. ठाणं गेलं तर केतकीला जायला जागा नव्हती असं नाही. पुण्यात तिचं घर होतं, नवऱ्याच्या मागे त्यात अन्विता एकटी राहत होती. पण त्या घरात केतकी पाहुणी असे. टॉवेल कुठे ठेवलेत ते तिला विचारावं लागे.

परीक्षेच्या दिवशी दुपारी अन्विता शीतगृहातून थेट बाहेर आली. डोक्यावर टोपडं, डोळ्यांवर जाड गॉगल, नाकातोंडावर पट्टी.

"आई, प्रवास नीट झाला?"

"झाला गं. तू जेवतेस ना वेळेवर? दूध घेतेस का?"

"मी चौतीस वर्षांची आहे, आई."

"म्हणून काय दूध सोडायचं?" केतकी म्हणाली आणि लगबगीने कागदांकडे वळली.

समितीचे अध्यक्ष डॉ. पानवलकर मोठे अदबशीर गृहस्थ होते. "केतकीताई, एकच अट," ते म्हणाले. "बोरू नाही वापरायचा. ठसा जसा उमटेल तसाच राहू द्यायचा."

"हरकत नाही. बर्फाला माझ्या बोरूची गरज नसते."

दोन वड्या आल्या. त्यांवर कसलीही खूण नव्हती. कोणती वडी कुठली हे फक्त अन्विताला ठाऊक होतं आणि ती ते दुसऱ्या दिवशी समितीपुढे सांगणार होती. केतकीने शाई फासली, वड्या ठेवल्या आणि मांडी घालून बसली. पाणी झिरपू लागलं. बघायला जमलेली मंडळी थोड्या वेळाने कंटाळून मोबाइल बघू लागली, पण केतकीची नजर हलली नाही. या कामातला तिचा धीर दांडगा होता. माणसांच्या बाबतीत तो कधीच नव्हता, हा भाग वेगळा.

पहिल्या कागदावर बारीक जाळी उमटली. तांदळाच्या दाण्यांएवढी घरं, त्यांच्यामध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा सडा. दुसऱ्या कागदावर लिंबाएवढी ओबडधोबड घरं, जाड रेषा, ठिपके जवळजवळ नाहीतच आणि एका कडेने राखाडी ओघळ. केतकीने पहिल्या कागदाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. दुसऱ्याकडे पाहून ती चक्क हसली.

"हा तुमच्या यंत्राचा," दुसऱ्या कागदावर बोट ठेवून ती म्हणाली. "डॉक्टर, राग मानू नका, पण हे कारखान्यातलं काम आहे. यात जीव नाही. छुरंगला एवढं ढोबळ काही जमायचंच नाही. आणि ही बघा, ही माझी छुरंग."

पानवलकरांनी मान डोलावली. अन्विता भिंतीला टेकून उभी होती. 

घरी जाताना गाडीत केतकीच्या तोंडाची टकळी चालू होती. यंत्र कुठे फसलं, बारीक काम यंत्राच्या हाती का लागत नाही, पुढच्या वर्षी ठाण्याचं छत कसं बदलून घ्यायचं. अन्विताने एका रोपवाटिकेसमोर गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"आई, उलटं सांगितलंस तू."

"काय उलटं?"

"बारीक जाळीचा माझा होता. ढोबळ, तो खरा. मागच्या महिन्यात अंगरूपनेच खोक्यात भरून पाठवला होता. तुझ्या ठाण्यापासून दहा मिनिटांवरचा."

केतकी आधी चिडली. काहीतरी घोटाळा झाला असणार म्हणाली. खोकी बदलली असतील, बर्फ वाटेत वितळून पुन्हा गोठला असेल. अन्विताने तिला बोलू दिलं. मग रुग्णालयातली माणसं नातेवाइकांशी बोलतात तशा सावकाश आवाजात तिने सांगितलं. हिमनदी तापत चालली की उन्हाळ्यात वरचं पाणी आत मुरतं आणि आत गेल्यावर पुन्हा गोठतं. लहान स्फटिक मोठ्यांत विरून जातात. बुडबुडे निसटतात. मैदानातल्या धुराची काजळी साठत राहते. छुरंगचा बर्फ आता असाच आहे, आणि आज नाही, दहा-बारा वर्षं तो असाच आहे.

"मग तुझा तसा कसा?" केतकीने विचारलं. "तो जुना बर्फ तुला कुठे मिळाला?"

"तुझ्याकडूनच. पहिली काही वर्षं माझ्या वाढदिवसाला तू थर्मासमधून एकेक तुकडा आणायचीस, आठवतं? बाबा म्हणायचे सरबतात घालू. मी घालू दिला नाही. घरच्या फ्रिजमध्ये ठेवला, मग कॉलेजच्या शीतकपाटात, मग इथे. तू नसायचीस, तुकडा असायचा. त्यांच्यावरूनच विणलंय सगळं."

रोपवाटिकेचा माळी पाइप घेऊन झाडांना पाणी घालत होता. केतकी त्याच्याकडेच बघत राहिली. मुलीकडे बघायची तिची छाती होईना.

"हे अजून कुणाला माहीत नाही," अन्विता म्हणाली. "उद्या मी वड्यांची अदलाबदल करून सांगते. तू बरोबर ओळखलंस असं होईल. ठाणं राहील तुझं."

"तू असं खोटं बोलशील? तुझं यंत्र हरेल की मग."

"हरू दे. तुला तिथे राहता यावं म्हणून आमच्या घरात प्रत्येकाने काही ना काही केलंच आहे. बाबांनी केलं. आता मी करते. त्यात नवीन काय?"

ती रागाने बोलली असती तर केतकी भांडली असती. पण ती अगदी साधेपणाने बोलली होती. केतकीने पदर सारखा केला आणि चल म्हणाली.

सकाळी अन्विता उठायच्या आत केतकी दिवाणखान्यात गेली. भिंतीवर तिचेच ओलठसे होते, दर वर्षीचा एक, नवऱ्याने आणि नंतर मुलीने हौसेने चौकटीत लावलेले. तिने खिडकी उघडली आणि चित्रं एकेक करून उजेडात तिरपी धरली. बोरूची शाई ठशाच्या शाईपेक्षा जराशी चमकते. हे तिला ठाऊक होतं, पण या कामासाठी ते वापरायची वेळ कधी आली नव्हती. पहिल्या चित्रांत चमक इथेतिथेच होती. पुढे ती वाढत गेली. अलीकडच्या चित्रांत तर बर्फाचं काम नावालाच, तीनचार जाड रेषा, आणि बाकी सगळी ती नाजूक जाळी बोरूची होती. रेष तुटली की जोडायची, डाग पडला की भरायचा. हिमनदी दर वर्षी कागदावर सांगत होती की मी आता अशी झालेय, आणि केतकी दर वर्षी तिला गप्प करून तरुणपणीचा चेहरा काढत होती. आपण बघायचं कधी थांबवलं, तेही तिला सांगता येईना. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"अदलाबदल करू नकोस," चहा घेता घेता ती कपाकडे बघत म्हणाली. "मीच सांगते."

"ठाणं जाईल, आई."

"जाऊ दे. नाहीतर उरलेलं आयुष्य मी तिथे बसून सांधतच राहीन."

समितीपुढे ती उभी राहिली आणि सगळं सांगितलं. आपण चुकलो, कशामुळे चुकलो आणि गेली कित्येक वर्षं कागदावर काय करत होतो, ते सगळं.  पानवलकरांना वाईट वाटलं होतं, पण आनंद काही त्यांना लपवता येईना. "म्हणजे ताई, आमची प्रत मुळापेक्षा जास्त मूळ ठरली म्हणायची!" ते बोलून गेले आणि मग स्वतःच ओशाळून पाणी प्यायले. ठाणं या हंगामानंतर बंद करायचं ठरलं. हा शेवटचा हंगाम केतकीने हवा तर घ्यावा, असंही ठरलं.

तिने तो घेतला. सवयीने म्हणा, अन्विताच्या घरात दिवसभर समोरासमोर बसायच्या भीतीने म्हणा.

निघताना ती दारात पिशवीच्या चेनशी झटापट करत होती. "तू चल ना माझ्याबरोबर," ती चेनकडे बघतच म्हणाली. "एकदा बघ तरी तिला. आता किती दिवसांची आहे ती?"

"नको," अन्विता म्हणाली. "मला त्या हिमनदीचा लहानपणापासून राग येतो, आई. आता ती मरायला टेकलीय, तर धड रागही धरता येत नाही. तू जा. पोचलीस की फोन कर."

चेन एकदाची लागली. केतकी गाडीत बसली.

छुरंगवर यंदा सगळीकडे गढूळ ओहोळ वाहत होते. बर्फावर दगडगोट्यांचा आणि काळ्या मातीचा थर होता, आणि कड्यावरून काही ना काही घरंगळल्याचा आवाज दिवसभर येत राही. दर वर्षी असंच असणार, पण केतकी ते पहिल्यांदाच बघत होती. पहिले काही दिवस ती रुसून आतच बसली. मग एका सकाळी बोरू कपाटात टाकला, कुऱ्हाड घेऊन बाहेर पडली आणि समोर मिळाला तो बर्फ कापून आणला. ठसा उमटला तो कुरूप होता. मोठमोठी घरं, चिखलाचे ओघळ, मधेच नुसती कोरी जागा. तिने त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा काढला, मग तिसरा. हळूहळू त्या जाड रेषांचा रोख तिला कळू लागला. पाणी कुठून आत शिरलं, कुठे अडलं, कुठे पुन्हा गोठलं, ते दिसू लागलं. दुखणाइताजवळ बसून राहिल्यावर त्याचा श्वास ओळखीचा होतो, तसं झालं. चित्रं चांगली होती. आजवरच्या सगळ्यांपेक्षा चांगली होती, आणि ती दाखवायला जवळ किटलीशिवाय कुणी नव्हतं.

एकदा दुपारी वाऱ्यामुळे बाहेर पडता येईना. कागद तयार होता. केतकीच्या मनात आलं, अन्विताचं चित्र काढावं. आयुष्यात तिने माणसाचं चित्र कधी मन लावून काढलं नव्हतं, पण हात तयार होता आणि मुलगी स्वतःची होती. त्यात काय अवघड? तिने पेन्सिल घेतली. कपाळ, भुवया, गाल. पाहते तर कागदावरून नऊ वर्षांची दोन वेण्यांची पोर बघत होती. तिने कागद पालटला. या वेळी हनुवटी मुद्दाम लांब काढली, केस आखूड काढले. तीच पोर, नाटकात मोठ्या बाईचं काम केल्यासारखी. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पुन्हा तेच. केतकीने पेन्सिल खाली ठेवली आणि डोळे मिटून आठवू लागली. गाडीतून दिसलेला माळी आठवला. चहाचा कप आठवला, त्याच्या कानाचा टवका उडाला होता तोसुद्धा. पिशवीची चेन आठवली. आवाज तर शब्द न् शब्द आठवत होता. पण चेहरा येईना. केस पिकायला लागलेत का तिचे? डोळ्यांखाली काळं आहे का? तिच्या बाबांसारखा तिला चष्मा लागला का? चार दिवस त्या घरात राहून, तिच्या हातचं जेवून, आपण तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

तिला रडू फुटलं. ऐकायला मैलोगणती कुणी नव्हतं, म्हणून तिने ते आवरलं नाही.

मग तिने ठाण्याचा उपग्रह-फोन उचलला. इतक्या वर्षांत तिने तो तब्येत आणि शिधा सोडून दुसऱ्या कशासाठी वापरला नव्हता.

"हॅलो, आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. एक विचारायचं होतं. तू चष्मा लावतेस का गं?"



"आई, तू चार दिवस माझ्याकडे राहून गेलीस."

"हो."

"समोर बसून जेवलीस."

"हो गं. मी पाहिलंच नाही. तुझं चित्र काढायला बसले होते, तर लहानपणचीच अनू येते सारखी. मनाने काही भरायचं नाही असं ठरवलंय यंदा, म्हणून तुला विचारते."

वारा पत्र्यावर आदळत होता. फोन तुटला की काय असं केतकीला वाटलं. मग अन्विताचा श्वास ऐकू आला, आणि तिने नाक ओढलं तेही.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "येऊन बघ."

फोन ठेवल्यावर केतकीने तसाच अंगरूपला लावला आणि उद्या सकाळीच जीप घेऊन ये म्हणून सांगितलं. तो त्याच्या हिंदीत म्हणाला, मॅडम, हंगाम अजून अर्धा बाकी आहे, ठाणं काही कुणी एवढ्यात उचलून नेत नाही, एवढी कसली घाई?

"घाई नाही रे बाबा," ती म्हणाली. "फार उशीर झालाय."